सतरावी ओळ

हर्णैला दुपारी चारनंतर लिलाव लागतो.
मी बर्फाच्या उलट्या खोक्यावर बसते,
लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत, बोटं पिशवीच्या आत.
कामाचं नाव : मासळी नोंद प्रणाली, आवृत्ती शून्य पूर्णांक तीन.
काम एवढंच की हिरू चोगल्यांच्या एकोणीस वह्या
एका तक्त्यात बसवायच्या.

पहिल्या आठवड्यात मी हुशार होते.
पेडवे आणि तारली, एकच मासळी, कशाला दोनदा?
मोरी आणि मुशी, तेच.
एका वस्तूला एक नाव, असं शिकले होते.
मुशी पुसली.
दुसऱ्या दिवशी रुकय्या होडेकर टोपलीसकट समोर उभी,
"माझी मुशी कुठं गेली तुझ्या मोबाईलात?
गिऱ्हाईक काय मोरी मागतंय व्हय माझ्याकडं?"
मग दोन्ही नावं ठेवली,
आतून एकाच क्रमांकाला बांधली,
जशा दोन होड्या एका खुंटाला.

लिलावात पहिला आकडा जो ओरडतो
तो नांगर टाकतो.
बाकीचे दोर लांबेल तेवढेच हलतात,
पन्नास इकडे, पन्नास तिकडे.
हे मला पुस्तकात कळलं होतं.
हिरूकाकांना चौथीत कळलं असावं,
कारण स्वतःच्या पुतण्याचा माल असला
की ते आधी खोकतात, मग मोठा आकडा पुटपुटतात.

आणि ती ओळ.
प्रत्येक वहीच्या प्रत्येक पानावर
सोळानंतर अठरा.
सतराव्या ओळीवर काही नाही. शून्यसुद्धा नाही.
शून्य म्हणजे होडी आली, मासळी नाही.
रिकामं म्हणजे काय?

मी रात्री दापोलीच्या खोलीत झोपले नाही.
मला वाटलं, गेलेली होडी असणार.
नाव घ्यायचं नाही, पण जागा ठेवायची, असं काही.
मग पुरावे दिसू लागले आपोआप :
एका पानावर त्या ओळीशेजारी पाण्याचा डाग
(हर्णैच्या वहीत पाण्याचा डाग!),
एका पानावर अर्धी पुसलेली रेघ.
मनात मी तिचं नावही ठेवलं होतं, होडीचं.
विचारायचं धैर्य व्हायला चार दिवस लागले.

हिरूकाकांनी वही उचलली.
खाली मेज. मेजावर वर आलेला खिळा.
"अगो, कागद फाटतो तिथं. म्हणून सोडतो."

मी हसले, मग जरा वेळ हसले नाही.

त्यानंतरच्या सोमवारी पडद्यावर आलेख आला :
वारा उठलेल्या दिवशी गेलेल्या होडीला
सरासरी दुप्पट मासळी.
तरणा धाकू पावसे माझ्या खांद्यावरून बघत होता.
"बघा! मी सांगतच होतो. बा ऐकत नाय."
फोटो काढला त्यानं, बाला दाखवायला.
आकडे बरोबर होते. मी तीनदा तपासले.
पण खिळा अजून ताजा होता,
म्हणून वही घेऊन मेजाकडे गेले.

काका आलेखाकडे बघतच राहिले, चष्मा न लावता.
म्हणाले, "जे अर्ध्यातून फिरले,
ते रिकामे लिलावाला कशाला येतील?
आणि फिरले पण नाहीत, त्यांचं..."
पुढचं त्यांनी तंबाखूबरोबर दाढेत ठेवलं.

म्हणजे एकोणीस वर्षं
आपण फक्त येणाऱ्यांची मोजदाद करत होतो.

आता नवा रकाना आहे : निघाली.
पहाटे बंदरावरूनच भरायचा, होडी दिसेनाशी व्हायच्या आत.
धाकूलाच बसवलंय त्या कामावर.
पहाटे पहाटे कुरकुरतो, पण भरतो.
काही दिवशी निघाली आणि आली जुळत नाहीत.
त्या दिवशी तक्ता काही बोलत नाही,
नुसता लाल होतो, आणि फोन करायला लागतो.

मेजाचा खिळा परवा कुणीतरी ठोकून बसवला.
काकांचं पेन अजून सोळावरून अठरावर उडी मारतं.
माझ्या प्रणालीतही सतरावी ओळ आहे,
वर एक टीप, माझ्यानंतर येणाऱ्यासाठी :
रिकामी ठेवली आहे. कारण खिळा.
खात्री नसेल तर पुसू नका,
गोष्टही रचू नका.
चोगल्यांना विचारा, चारनंतर भेटतात.